थोरली

डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा तिला सगळ्यांत आधी दिसली ती डॉक्टरच्या कोटाची इस्त्री. कॉलरखाली, जिथे कापड दुहेरी होतं, तिथे घाईने फिरवलेल्या गरम इस्त्रीची चमक उठली होती आणि दुसऱ्या बटणापाशी एक चुणी तशीच दाबली गेली होती. कोट पांढरा होता. खरा पांढरा, किंचित निळसर झाक असलेला, असा पांढरा तिने गेल्या दोन वर्षांत पाहिलाच नव्हता. दोन वर्षं तिला घरातलं सगळं पांढरं चहात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं आणि त्यापायी तिने लेकीशी पुष्कळ वाद घातले होते. साबण बदल, पाणी बदल, चादरी नीट पिळत नाहीस. लेक म्हणायची, आई, चादरी पांढऱ्याच आहेत. आता बसल्या जागी तिला कबूल करावं लागत होतं की त्या पांढऱ्याच असणार.

"दिसतंय का?" डॉक्टरने विचारलं.

"तुमचे कपडे कोण धुतं?" ती म्हणाली.

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या लेकीने कपाळाला हात लावला. डॉक्टर हसला. त्याने टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, आतलं एक पान उलगडून तिच्यासमोर धरलं आणि म्हणाला, "वाचा बरं. कुठलंही. पण बारीक अक्षरातलं."

नजर पडली तिथून तिने वाचायला सुरुवात केली. पानाच्या तळाशी चार बोटांची बातमी होती. भंगारात काढण्यासाठी ओढून नेलं जात असलेलं एक जुनं प्रवासी जहाज सोमवारच्या वादळात दोर तुटून भरकटलं आणि किनाऱ्याजवळच्या खडकांवर चढलं. जहाजावर कोणीही नव्हतं. चौसष्ट वर्षांपूर्वी बांधलेलं हे जहाज, असं वाचून ती थांबली. पुढे जहाजाचं नाव होतं. ते तिने मोठ्याने वाचलं नाही. तिला हसू आलं. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. डॉक्टर घाईने म्हणाला, "अहो, डोळा चोळू नका." तिने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले आणि ती हसत राहिली.

"काय झालं, आई?"

"थोरली," ती म्हणाली. "तोडायला नेत होते तिला. दोर तोडून पळाली."

छापील नाव लांबलचक होतं, कुठल्याशा राणीचं. जहाजावर काम करणाऱ्यांनी ते कधी वापरलं नाही. कंपनीची तीन जहाजं होती, त्यांत ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत मोठी, म्हणून कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे तिला थोरलीच म्हणत. एकोणीस वर्षं ती थोरलीच्या लॉन्ड्रीत होती. पहिली दोन वर्षं इस्त्रीवर, पुढची सतरा लॉन्ड्रीची मुकादम. या नावावरून घरात एक जुना विनोद होता. लेक कोणालाही ओळख करून देताना म्हणायची, आम्ही दोघी बहिणी. थोरली आईबरोबर हिंडायची, मी धाकटी, मी मावशीकडे. लोक हसायचे. तीही हसायची आणि दर वेळी हसता हसता तिच्या पोटात कुठेतरी बारीक टाचणी रुतायची.

घरी परतताना ती खिडकीला नाक लावून बसली. गाडी लेकीच्या ड्रायव्हिंग स्कूलची होती. टपावर शिकाऊची पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी दुसरा ब्रेक. पाटी पाहून लोक लांबूनच वाट देत. गाडी पन्नाशीला आलेली बाई चालवत होती आणि तिने शहरातली निम्मी माणसं चालवायला शिकवली होती, हे त्यांना काय ठाऊक. रस्त्यावरचा प्रत्येक रंग नुकता धुऊन काढल्यासारखा दिसत होता. एका गॅलरीत कोणीतरी टॉवेल वाळत घातले होते, त्यांच्या कडांचे दोरेसुद्धा तिला दिसले. आणि या सगळ्याच्या मागे, दुसऱ्या कापडाचं अस्तर असावं तसा, एक मोठा काळा लोखंडी आकार दोर तोडून लाटांवर एकटाच चालला होता. सुकाणू धरायला कोणी नाही, भट्टीत आग नाही, एक दिवा नाही. तरी चालला होता. तिला वाटलं, शाबास. आणि मग वाटलं, एखादं जहाज फुटल्याची बातमी वाचून इतका आनंद होणं हे काही शहाण्या बाईचं लक्षण नाही.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. थोरली सोडून ती इथे राहायला आली तेव्हा पहिलं दीड वर्ष तिला झोप लागली नव्हती, कारण पलंग हलत नव्हता. जमीन स्थिर असते ही गोष्ट तिच्या तळपायांना पटतच नव्हती. जहाजावर पायाखाली सतत एक थरथर असे, मांजर मांडीवर बसून घुरघुरतं तशी, आणि ती थांबली की झोपलेली माणसं दचकून उठत. आता दुपारी चहाचा कप हातात घेऊन ती खुर्चीत बसली आणि पंचवीस वर्षांनी ती घुरघुर तिच्या टाचांना पुन्हा लागली. हे सगळं सुरू झालं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. नवरा गोदीत क्रेन चालवायचा. एका सकाळी वरून उतरताना पाय घसरला आणि गेला. लेक पाच वर्षांची. एका हॉटेलात तिला इस्त्रीचं काम होतं, पण त्यात दोघींचं भागेना. मोठी बहीण म्हणाली, "पोरीला माझ्याकडे ठेव. माझी तीन आहेत, त्यात चौथी. जहाजावर पगार बरा असतो म्हणतात." तेव्हा ती पहिल्यांदा थोरलीच्या शिडीवर चढली, आणि चढता चढता वर पाहिलं तर भिंत संपेचना. घराएवढी तीन धुराडी. एवढं मोठं काहीतरी जागचं हलू शकतं यावर तिचा विश्वास बसला नव्हता. थोरली तेव्हा विशीत होती. लोखंडाच्या हिशेबात ऐन तारुण्य.

आठ महिने समुद्रावर, मग एक महिना घरी, पुन्हा आठ महिने. जग तिने पाहिलं ते चादरींवरून. सुरुवातीला थोरली भरून माणसं न्यायची, देश सोडून कायमची निघालेली. खालच्या वर्गाच्या उशांच्या अभ्र्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा असत, पहिल्या आठवड्यात दाट, मग विरळ, आणि शेवटच्या आठवड्यात अजिबात नाहीत. माणूस घर विसरायला किती दिवस घेतो हे तिला अभ्रे सांगायचे. वरच्या वर्गाचे टेबलक्लॉथ मात्र रोज भांडून आल्यासारखे, वाइन, मेण, लिपस्टिक, आणि एकदा एका कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं लग्नाचं विचारणं आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'नंतर सांगते'. ते कापड तिने दोन दिवस धुतलं नाही. मग एका वर्षी चादरी कमी झाल्या. पुढच्या वर्षी आणखी कमी. विमानं सुरू झाल्याचं तिला कोणी सांगितलं नाही, इस्त्रीच्या ढिगाने सांगितलं. कंपनीने थोरलीला रंग फासला, पोहण्याचा तलाव बांधला आणि तिला सहलीचं जहाज केलं. मग म्हातारी जोडपी यायला लागली. चादरींना सांधेदुखीच्या तेलाचे वास आणि संध्याकाळी वर नाच. थोरलीला ते आवडायचं असं तिचं मत होतं. म्हातारी माणसं हळू चालतात, दारं आपटत नाहीत. शेवटी तेही संपलं. थोरलीला एका कारखान्याच्या धक्क्याला बांधून कामगारांचं वसतिगृह केलं, तेव्हा ती सत्तेचाळीसाव्या वर्षी उतरली. नंतर कामगारही गेले आणि थोरली नुसतीच उभी राहिली, वर्षानुवर्षं, गंजत. त्या धक्क्यावर ती एकदाही गेली नव्हती. आजारी माणसाला भेटायला जाण्याचा धीर काहींना नसतो, तसं.

"मला बघायचीय," संध्याकाळी ती म्हणाली.

"कोणाला?" लेकीला कळलं होतं, तरी तिने विचारलं.

"तुझ्या बहिणीला."

"डॉक्टरांनी वाऱ्यात जायचं नाही सांगितलंय. धुळीत नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही."

"मी तिला उचलणार नाहीये."

लेकीने फोन लावला आणि शनिवारच्या तीन शिकाऊंना सुट्टी दिली.

चार तासांचा रस्ता होता. तिच्या डोळ्यांवर दोन्ही बाजूंनी बंद होणारा काळा चष्मा होता, त्यात ती वेल्डरसारखी दिसते असं लेकीचं म्हणणं पडलं. शहर मागे पडलं, मग कारखाने, मग सपाट शेतं. ती शिकवणाऱ्याच्या सीटवर बसली होती आणि समोरून ट्रक आला की तिचा पाय आपोआप दुसऱ्या ब्रेकवर जायचा, गाडी धक्का खायची.

"आई, पाय वर घे."

"घेतला."

"मांडी घालून बस. म्हणजे मोहच नको."

बाहत्तराव्या वर्षी ती गाडीत मांडी घालून बसली आणि तिला फार बरं वाटलं. पण जसजसं हवेत खारटपण यायला लागलं तसतशी आतली टाचणी जास्त टोचायला लागली. थोरलीच्या प्रेताला भेटायला आपण चाललो आहोत की आपल्या एका खोटेपणाच्या साक्षीदाराला, हे तिचं तिलाच सांगता येईना. कारण घरात जी गोष्ट सांगितली जायची ती अशी होती: आई पोटासाठी गेली. आईने लेकीसाठी हाडाची काडं केली. जमिनीवर काम मिळालं नाही म्हणून बिचारी एकोणीस वर्षं जहाजाच्या पोटात उकडून निघाली. ही गोष्ट तिने स्वतः सांगितली नव्हती. बहिणीने सांगितली, शेजाऱ्यांनी सांगितली, लेकीने शाळेत निबंधात लिहिली आणि पहिला नंबर मिळवला. तिने फक्त ती कधी खोडली नाही. खोटं बोलायला दर वेळी तोंड उघडावंच लागतं असं नाही.

खरी गोष्ट अशी होती की जहाजावर दुसरं वर्ष लागलं तेव्हा तिला एका बंदरात पत्र मिळालं. जुन्या हॉटेलच्या व्यवस्थापकाचं. इस्त्रीखात्याची प्रमुख बाई सोडून चालली आहे, जागा तुम्हाला देतो, राहायला मागच्या बाजूची खोली आहे, मुलीला आणता येईल. तिने ते लॉन्ड्रीत उभ्याने दोनदा वाचलं. भोवती वाफ होती, बारा बायका पाच भाषांत एकमेकींची थट्टा करत होत्या, पायाखाली थोरली घुरघुरत होती आणि दुसऱ्या दिवशी एक बंदर यायचं होतं जिथे म्हणे डोंगर समुद्रातून सरळ वर येतो. तिने पत्राची चौकोनी घडी केली, मग आणखी लहान, आणि ती बॉयलरच्या तोंडात टाकली. नंतर तासभर ती इतक्या जोरात इस्त्री करत होती की शेजारचीने विचारलं, कोणाचा राग आलाय. राग नव्हता. तिला गावंसं वाटत होतं, आणि त्याची तिला इतकी लाज वाटत होती की इस्त्री दाबण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. तिथे कोणी तिला बिचारी म्हणत नव्हतं. क्रेनवाल्याची बायको, विधवा, पोरगी दुसऱ्याकडे टाकलेली, असं काही नव्हतं. तिथे ती फक्त सगळ्यांत सरळ घडी घालणारी बाई होती.

कड्यावर पोचल्या तेव्हा अकरा वाजले होते. गाड्या रांगेने उभ्या होत्या, माणसं गवतावर चादरी पसरून बसली होती, कोणी चहाची किटली घेऊन फिरत होतं. सहलीला यावं तसे लोक आले होते. ती लेकीचा हात धरून कडेपर्यंत गेली.

थोरली खाली होती, चारशे पावलांवर, उजव्या कुशीवर कललेली, नाक खडकांवर चढवलेलं. पांढरा रंग केव्हाच गेला होता. एक धुराडं नव्हतंच. खिडक्यांच्या ओळीच्या ओळी तिरक्या झाल्या होत्या आणि एरवी पाण्याखाली असणारं तिचं लाल पोट, शंखशिंपल्यांनी भरलेलं, उन्हात उघडं पडलं होतं. लाट आली की ती अंगभर हलायची आणि कण्हायची. तो आवाज कड्यापर्यंत येत होता. आपल्याला रडू येईल असं तिला घरून निघताना वाटलं होतं. पण थोरली वाईट दिसत नव्हती. दिवसभराचं काम आटोपून एका कुशीला पडलेल्या थोराड बाईसारखी ती दिसत होती, आणि उठायची तिला मुळीच घाई नव्हती.

"केवढी आहे," लेक म्हणाली. तिने थोरलीला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. निरोपाच्या वेळी बंदरावर माणसांना कठड्यापलीकडे सोडत नसत.

"मुकादमबाई," मागून कोणीतरी हाक मारली.

तिने वळून पाहिलं. ऐंशीच्या घरातला, उंच, वाकलेला माणूस टोपी हातात धरून उभा होता. चेहरा तिला ओळखू आला नाही. मनगटांवरचे भाजल्याचे जुने डाग आले. थोरलीचा बेकर. त्याची भट्टी लॉन्ड्रीच्या बरोबर वर होती. रोज सकाळी दहा वाजता तो उशीच्या अभ्र्यात गरम पाव भरून झडपेतून खाली सोडायचा आणि ती तोच अभ्रा दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून वर पाठवायची. इतकाच संबंध, पण एकोणीस वर्षांचा.

"मला वाटलंच तुम्ही येणार," बेकर म्हणाला. "मी परवापासून इथेच आहे. खालच्या गावातले कोळी म्हणतात, आज पौर्णिमेची भरती आहे. दुपारी दोनला पाणी चढेल, मग ती काही टिकत नाही." मग लेकीकडे बघून, "ही मुलगी ना? हिच्याबद्दल पुष्कळ ऐकलंय. तुझ्या आईने तुला तो चादरींचा दिवस सांगितला असेलच."

"नाही," लेक म्हणाली. "कुठला?"

तिने लेकीचा हात सोडला. बेकरला थांबवावं असं तिला वाटलं आणि ऐकावंसंही वाटलं, आणि बेकर तर सांगायलाच लागला होता.

"वाळवायची यंत्रं बंद पडली होती. सगळी. विषुववृत्ताजवळ, समुद्र असा की तव्यासारखा. आठशे ओल्या चादरी, आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना अंथरायला काही नाही. ही बाई तशीच ओल्या हातांनी कप्तानाकडे गेली. म्हणाली, मला सगळे डेक द्या. आणि दिले की त्याने. खलाशांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर बांधले. दहाच्या सुमाराला आठशे चादरी एकदम वाऱ्यावर. मी भट्टी सोडून वर आलो. काय सांगू तुला. लोक त्यांच्यातून फिरत होते, पोरं हरवत होती, सापडत होती. बँडवाले वाद्यं घेऊन आले. एक मालवाहू जहाज बाजूने चाललं होतं, त्यांनी दिव्याच्या खुणांनी विचारलं, काय झालं, मदत हवी का. आपल्या कप्तानाने उत्तर दिलं, आज धुणं आहे." बेकर हसला. "आणि ही नाचली. माझ्याबरोबर, कप्तानाबरोबर, मग त्या एका लंगड्या म्हाताऱ्याबरोबर. दिवसभर."

"आई नाचली?" लेक म्हणाली.

"आम्हाला वाटलं, हिला आता कोणी खाली लॉन्ड्रीत नेऊ शकत नाही."

कोणीतरी बेकरला चहा दिला आणि तो कप घेऊन कडेला जाऊन उभा राहिला. लेक तिच्याकडे बघत होती. चष्म्याची काच काळी होती ही सोय होती. तिला तो दिवस तळहातावर असावा तसा दिसत होता. ओल्या कापडाचा वास, चादरींतून गाळून आलेलं ऊन, आणि संध्याकाळी त्या उतरवताना, सहाशे कितव्यातरी चादरीची घडी घालताना, हात एकदम थांबले होते. आज तारीख काय. आज तारीख काय. आता लपवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. ती म्हणाली,

"त्या दिवशी तुझा नववा वाढदिवस होता."

लेक गवतावर बसली. तीही शेजारी टेकली.

"मी विसरले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला तुझी एकदाही आठवण झाली नाही. दुसऱ्या दिवशी तार केली, वादळ होतं म्हणून काल जमलं नाही. वादळ कसलं. वाऱ्याची झुळूक होती नुसती." तिला वाटलं आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणार नाही. "आणि दुसरं. जमिनीवर काम मिळत नव्हतं हे खोटं आहे. हॉटेलवाल्यांनी बोलावलं होतं, खोली देत होते. तू सहा वर्षांची होतीस. मी पत्र जाळलं. मला यायचं नव्हतं. मी तिथे सुखात होते गं. सगळी वर्षं. तुम्ही सगळे मला बिचारी म्हणत होतात आणि मी म्हणू दिलं."

खाली लाट आली. थोरली कण्हली. लेकीने गवताची एक काडी उपटली आणि तिचे नखाने बारीक बारीक तुकडे केले. मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडते आहे असं वाटून आईने हात पुढे केला, तेव्हा लेकीने तोंड वर केलं. ती हसत होती.

"म्हणजे मी तुझी चाळीस वर्षं उगाच कीव केली?"

"केलीस खरी."

"आणि निबंध लिहिला. वाचून दाखवताना बाईंनी रुमाल काढला होता." तिने काड्या झटकल्या. "आता माझं ऐक. बंदरावर मी रडायचे, आठवतं?"

ते ती विसरली होतीच कधी? कठड्यापलीकडे बहिणीच्या कडेला लागून उभी असलेली, तोंड लाल, फ्रॉकच्या बाहीने नाक पुसणारी मुलगी. प्रत्येक सफरीत पहिले तीन दिवस तिला फक्त तेवढंच दिसायचं.

"मावशी सांगायची. आई दिसेनाशी होईपर्यंत रडायचं, म्हणायची, नाहीतर तिला वाटेल हिला आपली काही गरजच नाही. आणि आई, मला रडू यायचं नाही. मावशीकडे इतकी मजा होती. काकांचं बसचं गॅरेज होतं, अकराव्या वर्षी मी त्यांच्या मांडीवर बसून बस चालवली. एका पलंगावर आम्ही तिघं झोपायचो आणि हसून हसून मार खायचो. तू जाणार त्या सकाळी मला एकच काळजी असायची, आज रडू येईल की नाही. एकदा येईचना, तर मी मावसभावाला सांगितलं, मागून चिमटा काढ. त्याने इतका जोरात काढला की मी किंचाळले. तेव्हा तू शिडीवरून परत खाली यायला निघाली होतीस."

"दुसऱ्या खेपेला," ती म्हणाली. "अर्ध्यातून परत आले होते. दोन खलाशांनी धरलं मला."

"तो चिमटा होता."

आधी तिला लागलं. खरंच लागलं. एकोणीस वर्षं ती ते रडणं उशाशी घेऊन झोपली होती. चादरींच्या दिवशी रात्रभर त्या लाल तोंडाने तिला टोचलं होतं. मग तिच्या डोळ्यांपुढे ती सकाळ उलट बाजूने उभी राहिली, कठड्यापलीकडून: एक मुलगी डोळे घट्ट मिटून अश्रूंची वाट बघते आहे, आणि शिडीवर एक तरुण बाई चेहरा पाडून, पाय ओढत चढते आहे, कारण भराभर चढली तर बरं दिसणार नाही. दोघी एकमेकींचं मन राखत. तिला इतकं हलकं वाटलं की तिने लेकीचा दंड धरला, नाहीतर उडून जाईन म्हणून. मग दोघी कड्यावर बसून अशा हसल्या की शेजारच्या चादरीवरचं एक कुटुंब वळून बघायला लागलं. एक जहाज मरायला टेकलंय आणि या बायकांना हसू सुचतंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

दोन वाजता पाणी चढलं. वारा फारसा नव्हता, लाटाही मोठ्या नव्हत्या, पण समुद्र खालून फुगत होता आणि थोरलीचा मागचा भाग उचलला जात होता. पुढचा खडकात रुतलेला. लोक उभे राहिले. बेकर त्यांच्याजवळ येऊन थांबला, टोपी छातीशी धरून. मग असा आवाज झाला की पायाखालचं गवत हललं, आणि थोरलीच्या लाल पोटावर, मधोमध, वरून खाली एक काळी रेघ उमटली. रेघ रुंद झाली. आतून पाणी, लाकूड, धूळ बाहेर आली. आणि त्या फटीत दुपारचं ऊन सरळ शिरलं.

"बघा," बेकर हळूच म्हणाला. "तुमची लॉन्ड्री."

तिने चष्मा काढला. या वेळी लेकीने अडवलं नाही. धुतलेल्या डोळ्याने तिला दिसलं: लोखंडी खांब, मोठ्या पिंपांची रांग, आणि एका भिंतीवर अजून टिकलेला फिका हिरवा रंग. तिथे खिडकी नव्हती. पाण्याच्या रेषेखाली होतं ते सगळं; एकोणीस वर्षांत तिने तिथे उन्हाचा एक कवडसा पाहिला नव्हता. आता ऊन खोलीभर होतं. तो हिरवा रंग दिव्याखाली तिला कायम करडा वाटत आला होता. हिरवा होता तो. किती छान हिरवा.

मग मागचा अर्धा भाग सुटला. तो घाईने बुडला नाही. थोडा दूर सरकला, एकदा सरळ उभा झाल्यासारखा झाला, दोन्ही धुराडी आभाळाकडे करून, आणि मग बसत बसत खाली गेला, जसा एखादा दमलेला माणूस खुर्चीचे हात धरून सावकाश टेकतो. पाणी त्याच्यावर मिटलं. पुढचा भाग खडकावर राहिला, नाक वर करून. बेकरने टोपी घातली. कोणीतरी एकट्याने टाळी वाजवली, मग ओशाळून थांबला. आणि मग सगळ्या कड्यावरून टाळ्या सुरू झाल्या.

तीही टाळ्या वाजवत होती, हात दुखेपर्यंत. छातीत काहीतरी मोठं, मोकळं भरून आलं होतं. बंदर सोडताना भोंगा वाजायचा आणि जमीन मागे सरायला लागायची, तेव्हा भरायचं तसं. ती लेकीकडे वळली. लेक टाळ्या वाजवत नव्हती. दोन्ही हात खाली सोडून, समुद्राकडे बघत, ती तोंड वाकडं करून रडत होती. नाक लाल, गालांवरून पाणी, आणि पुसायचंही भान नाही.

"हे खरं की खोटं?" तिने विचारलं.

"माहीत नाही," लेक म्हणाली. "थांब जरा."

ती थांबली.